अदलाबदलीच्या खोलीची किल्ली

८ ऑक्टोबर २०१९, मंगळवार. दसरा

आज सकाळी साडेसहाला अंघोळ करून ऑफिस गाठलं आणि राउटरला हळद-कुंकू वाहिलं. फौजेत असताना खंडेनवमीला वायरलेस सेटला वाहायचो, तसंच. शंभू महादेवाचं नाव घेतलं आणि मग इलाइट चौराह्यावर गेलो. बॅटरीच्या दुकानावरची ती खोली आजपासून सुरू झाली.

इतकी वर्षं काय चाललं होतं! झाशीतल्या नगरा वस्तीत भिंतीला भिंत लागून दोन घरं. एकाकडे आमचं, म्हणजे पहूज फायबरचं इंटरनेट. दुसऱ्याकडे लहर ब्रॉडबँडचं. या घरातून त्या घरात लग्नाचे फोटो पाठवले तर ते आमच्या वरच्या, म्हणजे मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या लाइननं दिल्लीला जायचे, तिथे त्यांच्या वरच्या कंपनीला भेटायचे, आणि मग परत झाशीला. शेजारणीला वाटीभर साखर द्यायला दिल्लीचा फेरा! आता दोन्ही कंपन्यांच्या तारा या खोलीत एकाच स्विचमध्ये लावल्यात. आमच्या गिऱ्हाइकाचं त्यांच्या गिऱ्हाइकाला इथल्या इथे, त्यांचं आमच्याला इथल्या इथे. अडतीस मिलिसेकंद लागायचे. आज एक!

ही गावाकडची सावडच. तू माझ्या रानात ये, मी तुझ्या रानात येतो, मजुरीचं नाव नाही. पण सावडीला मर्यादा असते. माझे बैल तुझ्या रानात आले म्हणून ते तू तुझ्या पाहुण्याच्या रानात नेऊन जुंपायचे नाहीत. लहरनं आमच्यातून फक्त आमच्या गिऱ्हाइकांपर्यंत यायचं. बाहेरच्या जगात जायचं ते स्वतःच्या लाइननं.

दहा वाजून गेले तरी लिंक उठत नव्हती. शेवटी फिल्टर बाजूला काढला. मी त्याला गाळणी म्हणतो — कुठले पत्ते शेजाऱ्याला सांगायचे आणि कुठले नाहीत, ते तिच्यात ठरतं. तरी उठेना. मग पासवर्ड पुन्हा घातला, आणि उठली! तेवढ्यात आमचे मालक साहूजी दारातून ओरडले, "फौजी साहब, मुहूर्त निकला जा रहा है! पंडित हम बनें का?" धावलो. दहा चाळीसला नारळ फोडला. पेढे वाटले. बरुआसागर आणि चिरगाँवचे छोटे केबलवाले पण बघायला आले होते. तुमचं दोघांचं नीट चाललं तर आम्हीही इथे तार आणतो, म्हणाले.

लहरकडून त्यांचा इंजिनिअर आला होता, विद्याधर. चौतिशीचा असेल. झाशीच्या मराठा सुभेदारांबरोबर आलेल्या पुरोहितांचं घराणं, दोन-अडीचशे वर्षं इथेच. त्याची मराठी ऐकायला मजा वाटते, मधेच हिंदी, मधेच आजोबांच्या काळची. आपट्याचं पान दिलं, वाकून नमस्कार केला. "काका, सोनं घ्यावं." मग म्हणाला, "खोलीची एक किल्ली मलाही करून द्यावी. तार आमचीही आहे ना."

साहूजींना विचारतो म्हटलं. विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी सीपरी बाजारात आमची केबल खांबावरून कापली गेली. कोणी कापली ते कधी सिद्ध झालं नाही, पण साहूजी आजही लहरचंच नाव घेतात. आणि बाबीन्याच्या छावणीत आमचे उस्ताद शिकवायचे: ज्या तारेचं दुसरं टोक आपल्याला दिसत नाही, तिच्याजवळ झोपायचं नाही.

पान या वहीत ठेवलंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

खोलीतला पोर्ट बघितला. दोन गावठी कंपन्यांचं आपसातलं काम, दोन-तीनशे एमबीपीएस फार झालं. अडीच हजार दाखवतोय! नवा नवा आहे, म्हटलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी साडेतीन हजार. हे आपसातलं नाही.

विद्याधरचा फोन आला. आवाजात काळजी. "काका, तुमच्या बाजूला एकदा बघून घ्यावं..." मी मधेच तोडलं. माझ्या बाजूचं मी बघतो, तू तुझी बघ. ठेवला.

माझ्या बाजूची चौकशी याला कशाला?

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ वाजता आमची वरची लाइन तुडुंब भरली. अशी कधी भरली नव्हती. बाबीना कॅन्टोन्मेंटमधून एका सुभेदारांच्या मंडळींचा फोन: "दादा, पोरीशी व्हिडिओवर बोलतेय तर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहतंय!" सीपरीतून वीस तक्रारी. साहूजींचा चेहरा लाल.

विद्याधरचे आणखी दोन फोन. उचलले नाहीत. चोर आधी अंदाज घेतो — मालक जागा आहे का!

१२ ऑक्टोबर, शनिवार

दोन ग्राफ शेजारी शेजारी लावून बघितले. एक खोलीतल्या पोर्टचा, एक आमच्या वरच्या लाइनचा. संध्याकाळचा चढ तोच, सकाळचा उतार तोच. माणूस आणि त्याची सावली! म्हणजे लहरचं बाहेरचं काम आमच्या लाइनवरून चाललंय. विद्याधरनं त्यांच्या राउटरला सांगून ठेवलं असणार: काहीही असलं तरी पहूजकडे ढकल. बैल आमचे, रान पाहुण्याचं!

आणि वर आपट्याचं पान देतो. नमस्कार करतो.

साहूजींना कागद छापून दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले, आणि टेबलावर हात आपटला. "हओ! हम तो कब से कह रहे। खंभे वाली केबल भूल गए? फौजी, तुम्हारी आँख से कुछ नहीं बचता।"

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१३ ऑक्टोबर, रविवार

कोजागिरी. इथल्या मराठी मंडळात दूध होतं. बायको, प्रेमला, एकटीच गेली. मी गेलो नाही, तिथे विद्याधर येणार होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खोलीत बैठक झाली. साहूजी, लहरचे मालक निरंजनजी, विद्याधर, मी. बरुआसागर आणि चिरगाँववालेही आले होते, तारेचं ठरवायला. खुर्च्या पाचच, म्हणून विद्याधर उभा.

मी ग्राफ ठेवले. निरंजनजींना तांत्रिक काही कळत नाही, चढउतार मात्र कळला. "का है रे जे?" त्यांनी विद्याधरला विचारलं.

तो म्हणाला, "सर, हमारे राउटर में कुछ नहीं डाला गया। उसे जिधर का रास्ता बताया गया, उधर गया।"

साहूजी म्हणाले, "अच्छा! और रास्ता किसने बताया? भूत ने?"

विद्याधरनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि गप्प राहिला. कोणी काय विचारलं तरी गप्प! खरा माणूस असा गप्प बसतो का? मी तर तिथेच मनाशी म्हटलं, सापडला.

चिरगाँववाले उठले. "पहले आप लोग निपट लो भैया, फिर देखेंगे।" बरुआसागरवालेही त्यांच्यामागे गेले. पेढेही खाऊन गेले होते.

कुलूप मीच लावलं. दोनदा ओढून बघितलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

निरंजनजींनी विद्याधरला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तो घरी, आणि पोर्ट तरीही साडेतीन हजारावर! जाताना कुणाला शिकवून गेला असेल. किंवा घरून करत असेल. पासवर्ड त्याच्याकडेच आहेत. साहूजींना सांगितलं, त्यांनी निरंजनजींना सांगितलं. उद्या त्याचे सगळे पासवर्ड बंद होणार.

एक गोष्ट मात्र टोचतेय. लिहून ठेवतो. त्याला आमची लाइन फुकट वापरायची होती, तर मला तीनदा फोन कशाला करेल?

अंदाज घ्यायला. दुसरं काय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. संकष्टी

संध्याकाळी गणपतीच्या देवळात गेलो. गाभाऱ्यासमोर शारदाबाई बसलेल्या, विद्याधरच्या आई. मी खांबाआडून निघणार होतो, पण त्यांनी बघितलं.

"जयसिंगराव, यावं. बसावं क्षणभर."

बसलो. मला वाटलं आता रडतील, नाहीतर बोलतील. दोन्ही नाही. हातातली जपमाळ थांबवली फक्त.

"आमचा विद्याधर तुम्हांस फोन लावीत होता. तुम्ही घेतला नाहीत."

कामात होतो, म्हटलं.

"तो म्हणे, काकांस एकट्याला सांगायचं आहे. चारचौघांत वडीलधाऱ्याची चूक काढणं शोभत नाही. मी म्हटलं, मग नाही काढायची. काय आहे ते मला ठाऊक नाही. त्या मशिनींतलं मला काय कळतंय! पण त्या दिवशी तो गप्प राहून आला, ते आमच्या शिकवण्यानं राहिला. एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं."

आणि माळ पुन्हा सुरू.

साडेआठला चंद्र दिसला. प्रेमलानं ताट वाढलं. मोदक होते. एक खाल्ला. चूक — कुणाची? माझी?

हे पण त्याचं शिकवलेलं असेल. आईला पुढे करून.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी कोणी यायच्या आत ऑफिसात बसलो आणि माझ्याच राउटरला विचारलं: तू लहरला काय काय सांगतोस?

सोळा पत्ते सांगायला हवेत. आमच्या गिऱ्हाइकांचे गट सोळाच आहेत.

साडेसात लाखांच्या वर! पडद्यावर ओळी पळतच होत्या. सगळं जग! आम्ही दहा दिवस लहरला सांगत होतो की अमेरिका आमच्याकडून जा, जपान आमच्याकडून जा. त्यांचा राउटर बिचारा शेजारी सांगतोय म्हणून ऐकत होता. आणि तिकडे दिल्लीला, आमच्या वरच्या कंपनीला, आम्ही सांगत होतो की लहरची सगळी घरं आमच्याच आत आहेत, त्यांचं सामानही आमच्याकडे द्या. दोन्ही दारांना मी एकच गाळणी लावली होती, सोपं पडतं म्हणून. आठ तारखेला ती काढली. मुहूर्त निघून चालला होता. नारळ फोडला, पेढे वाटले — आणि ती परत लावलीच नाही.

पाहुण्याच्या रानात बैल कुणी नेले नव्हते. मीच दावं सोडून ठेवलं होतं.

विद्याधरला हे पहिल्या दिवशीच दिसलं असणार. आम्ही काय सांगतो ते त्याच्या बाजूला ओळीनं दिसतं. मलाही कळायला हवं होतं. पंचवीस वर्षं तारांमध्ये गेली. पण मी त्याचाच हात शोधत होतो, माझ्या हाताकडे बघितलंच नाही.

गाळणी लावली. चार मिनिटांत पोर्ट उतरून दोनशे चाळीसवर आला.

साहूजींना सांगायचं म्हणून उठलो, तेवढ्यात तेच आत आले. मोबाइलवर ग्राफ उघडलेला. "देखा फौजी! कल लड़के के पासवर्ड कटे, आज चोरी बंद! अब बोले निरंजन!" आणि चहा मागवला. समोशांसकट.

मी चहा प्यायलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

देवापुढे बसलो तर मंत्र अर्ध्यात विसरलो. प्रेमला म्हणाली, "अहो, वात न लावताच उठलात." बघितलं तर खरंच.

मी दुरुस्त केलं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला! आज गावभर तेच. बॅटरीवाला म्हणतो, पंडितजी का लड़का निकला चोर. चुकूनच केलं होतं, हे खरं. पण काल गप्प बसलो ते चुकून नाही.

साहूजी नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणतात, "फौजी से गलती नहीं होती।" दहा वर्षं ऐकतोय. सवय लागली त्या वाक्याची.

२० ऑक्टोबर, रविवार

विद्याधरच्या गल्लीपर्यंत गेलो. त्याच्या घराला निळा दरवाजा आहे. कोपऱ्यावरून परतलो.

"कुठे गेला होतात?"
"भाजीला."
"मग भाजी कुठाय?"

२१ ऑक्टोबर, सोमवार

प्रेमलाला सगळं सांगितलं. भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही.

म्हणाली, "मला तुमच्या गाळणीतलं काय कळतं. पण शारदाबाई देवळात भेटल्या की मी कुठे बघायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, नोकरी जाईल. पन्नाशीच्या माणसाला इथे पुन्हा कोण ठेवणार? पेन्शनीत भागेल, पण लोक काय म्हणतील — फौजीनं स्वतःची चूक दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर घातली?

"ती तर घातलीच आहे," ती म्हणाली. "लोकांना अजून माहीत नाही, एवढंच." आणि गरम भाकरी ताटात टाकली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

साहूजींच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. "साहूजी, वो आठ तारीख को मैंने..."

"अरे बैठो, बैठो, पहले खबर सुनो!" गुरुवारी खोलीत पुन्हा बैठक. निरंजनजी सगळ्यांसमोर विद्याधरला काढल्याचं सांगणार. त्यांचा नवा माणूस ग्वाल्हेरहून येतोय. ते ऐकूनच बरुआसागर आणि चिरगाँववाले तार आणायला तयार झालेत. "चोर गया, बाजार जमा! धनतेरस से पहले चार कंपनी एक कमरे में। और ये सब किसकी आँख से? तुम क्या कह रहे थे?"

कुछ नहीं, म्हणालो.

जिन्यावर जाऊन बसलो. म्हणजे बाजार विद्याधरच्या मानेवर पाय ठेवून उभा राहणार. आणि पाय माझा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

एकट्या साहूजींना सांगून भागणार नाही. ते दाबून टाकतील, माझ्यावरच्या प्रेमानं आणि निरंजनजींवरच्या रागानं. विद्याधरनं मला चारचौघांत वाचवलं. मला चारचौघांतच बोलावं लागेल.

आठ तारखेच्या आणि अठरा तारखेच्या नोंदी राउटरमधून काढून छापल्या. वेळेसकट. १०.२१ ला गाळणी काढली, हे त्यात स्वच्छ आहे. चार प्रती काढल्या. पाचवी विद्याधरसाठी.

वही उघडली तर आपट्याचं पान सुकून दोन तुकडे झालेलं. टाकलं नाही.

त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोलावं काका."

"उद्या साडेअकराला खोलीवर ये."

"मला तिथे येण्याची मनाई आहे, काका."

"मी बोलावतोय."

मग म्हणाला, "बरं."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. सगळ्यांसमोर, उभा राहून, हिंदीत. एकालाही कळलं नाही असं व्हायला नको म्हणून. फिल्टर मैंने हटाया था। वापस मैंने नहीं लगाया। इस लड़के ने हमसे कुछ नहीं लिया, हम ही दे रहे थे। अठारह को चुपचाप ठीक किया, और चुप रहा — वो भी मैं। कागद वाटले. साहूजी कागदाकडे न बघता पंख्याकडे बघत राहिले. मग खिशातून खोलीची किल्ली काढली आणि विद्याधरच्या हातात दिली. माझ्यासाठी दुसरी करून ठेवलेली नाही.